कापलेले दोन कोस

वाटाड्याने मला दोन कोसांनी फसवले. वाट आठ कोसांची होती, त्याने ती सहा कोसांची म्हणून कबूल केली, आणि नुकसान झाले ते माझ्या मायचे. ही गोष्ट मी आजवर बाजारात, स्टेशनवर, सोयऱ्यांच्या लग्नांत पुष्कळांना सांगितली. बहुतेकांचे म्हणणे एकच, आता सोडून द्या. सोडता आली असती तर मी कागद घेऊन बसलो नसतो.

आमचे गाव नवेगावच्या डोंगरांच्या उत्तरेला. गावाला मोठा तलाव, तलावाखाली धानाची बांधी, आणि तलावाच्या मागे लगेच जंगल सुरू. आमची स्वतःची जमीन नव्हती. मी डोक्यावर टोपली घेऊन बाजार करायला लागलो तेव्हा मला मिसरूड फुटलेली नव्हती. लाख, हिरडा, चारोळी, टोरी म्हणजे मोहाच्या बिया, असा जंगलातला माल विकत घ्यायचा आणि गोंदियाच्या व्यापाऱ्याला नेऊन द्यायचा. त्या व्यापाऱ्यांशी हिंदीत भांडायला शिकलो, जंगलातल्या लोकांशी गोंडीत चार शब्द बोलायला शिकलो. टोपलीची कावड झाली, कावडीची बैलगाडी झाली. मालगुजारी म्हणजे आमच्याकडची जमीनदारी गेली त्या सुमारास माझे स्वतःचे कौलारू घर उभे होते. हे सगळे मी तोंडाच्या जोरावर केले. समोरच्याने दहा म्हटले की मी सहा म्हणायचो, आणि आवाज चढवला की सहा-सातावर गाडी यायचीच. मला राग लवकर येतो हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर त्या रागाचा मला धंद्यात उपयोगच झाला.

मी चार वर्षांचा असताना मला देवी आल्या होत्या. गावातली तीन पोरे त्यात गेली. तेव्हा मायने आमच्याकडच्या, डोंगरांपलीकडच्या प्रतापगडचा नवस केला होता. पोरगा वाचला तर आपल्या उंबरठ्यावरून पायी निघून गडावर जायचे, महादेवाला नारळ, दर्ग्यावर रेवड्या, आणि त्याच दिवशी दिवा लागायच्या आत परत आपल्या उंबरठ्यावर. एवढा कठीण नवस का केलास, असे मी तिला एकदा विचारले होते. ती म्हणाली, "तू तेवढा जास्त बिमार होतास."

पोरगा वाचला, नवस राहिला. आधी बाप गेला, मग दुसऱ्यांच्या बांधीत रोवणे-कापणे करण्यात तिची वर्षे गेली. हातात चार पैसे आले तेव्हा तिचे गुडघे गेले होते. रेल्वेने गडाजवळच्या अर्जुनीपर्यंत जाता येत होते, बैलगाडीची वाट वळसा घालून जात होती, पण नवस पायांचा होता. एका पौषात, धान कोठीत पडल्यावर, ती मला म्हणाली, "बाबू, माहे पाय आता तुह्याजवळ आहेत. तू जाऊन ये. मी उपाशी बसतो."

आमच्याकडची रीत अशी की नवस करणाऱ्याऐवजी त्याच्या रक्ताचे माणूस चालले तरी चालते. मात्र चालणारा परत येईपर्यंत नवस करणाऱ्याने अन्न-पाणी घ्यायचे नाही. चालणारा उंबरठ्यावर आला की आपल्या हाताने त्याचे पाय धुवायचे, मग पहिला घोट घ्यायचा. म्हणजे मी जितका वेळ चालणार, तितका वेळ माझी साठीतली माय कोरड्या घशाने बसणार. मी बेत आखायला बसलो तो हेच डोक्यात ठेवून.

मी कोणतेही काम आखल्याशिवाय करत नाही. आठ दिवस मी दुसरे काही केले नाही. चांभाराकडून वहाणांना नवे तळ लावून घेतले आणि टोरीचे तेल चोळून त्या मऊ केल्या. नव्या वहाणा घेऊन लांब चालणारा माणूस मूर्ख. पाण्यासाठी वाळल्या भोपळ्याचे दोन तुंबे घेतले आणि रात्रभर भरून ठेवून गळतात का ते पाहिले. शिदोरीत तांदळाची भाकर आणि लाखोळीच्या डाळीचे वडे ठरले, कारण ते दिवसभर खराब होत नाहीत. सोबत काठी, कुऱ्हाड, आणि अस्वलासाठी एक रिकामा डबा, वाजवायला. त्या डोंगरात वाघापेक्षा अस्वलाची भीती जास्त. वाघ माणसाला टाळतो. अस्वल झोपेतून उठले की समोर दिसेल त्याचे तोंड धरते.

एवढे झाले, पण वाट मला पुरती ठाऊक नव्हती. पहिल्या खिंडीपर्यंत मी माल आणायला जात असे. तिथून पुढे बांबूचे जंगल, मग नाला, मग दुसरी डोंगररांग, मग उतार उतरून गाढवी नदी, आणि नदीपलीकडे सपाटीवर चालत गेले की गड, असे ऐकून होतो. इटियाडोहचे धरण तेव्हा झाले नव्हते. आज त्या वाटेचा शेवटचा भाग बराचसा पाण्याखाली आहे.

डोंगराच्या पायथ्याच्या टोल्यावर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर, एक गोंड म्हातारा राहत होता. म्हातारा म्हणजे पन्नाशीचा असेल, पण सगळे त्याला बाबाच म्हणत. मला तो चारोळी विकायचा. त्या डोंगरातली प्रत्येक पायवाट त्याच्या पायाखालची होती. मी त्याला घरी बोलावले. ओसरीवर तो बसला, मी बसलो. माय आत सुपात तांदूळ निवडत होती आणि माझी घरची चुलीपाशी होती. दोघींना बाहेरचे सगळे ऐकू येत होते.

"प्रतापगड किती कोस, बाबा?"

"आठ."

"कोणते आठ? सडकेचे का जंगलाचे?"

"माहे," तो म्हणाला.

त्याच्या कोसाची तऱ्हा मला ठाऊक होती. जंगलातले लोक निघताना मोहाची किंवा ऐनाची डहाळी तोडून हातात धरत. चालता चालता पाने मलूल होऊन लोंबली की एक कोस झाला, ती टाकायची आणि दुसरी तोडायची. मी म्हटले, "डहाळीचा कोस कधीच खरा नसते. उन्हाळ्यात लहान, थंडीत लांब."

"मी थंडीचाच सांगून राहिलो," तो म्हणाला. "आता थंडीच आहे."

आमच्या भागात वाटाड्याची मजुरी कोसावर ठरायची. कोसामागे एक पायली धान. आठ कोस म्हणजे आठ पायल्या. येताना माणूस आपल्याच घरी येतो, म्हणून परतीचे धरत नसत. आता माझ्यासारख्या माणसासमोर कोणी आठ म्हटल्यावर मी गप्प बसणे शक्य नव्हते.

"पाच," मी म्हणालो.

"आठ आहेत, सेठ."

"तुह्या बापानं मोजले होते काय? म्हशीमागं चाललं तर आठ लागतेत. मी म्हैस नोहो."

तो हसला. "म्हैस लवकर जाते, सेठ. तिले बोलाचं काम नसते."

आत घरची खुदकन हसली, ते मला ऐकू आले आणि मी तापलो. मी म्हणालो की टोल्यावरचे बाकीचे वाटाडे मेलेले नाहीत, की चारोळीच्या बाजारात मी कोणाचा माल घेतो आणि कोणाचा नाही हे त्याने लक्षात ठेवावे, आणि असे बरेच. आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. म्हाताऱ्याने चिलीम झटकली. थोडा वेळ तो माझ्या पायांकडे बघत बसला.

"बरं," तो म्हणाला. "सहा."

"सहा कोस?"

"सहा."

मी जिंकलो होतो. मी खूश होतो. आणि त्याच खुशीत मी त्याच्यासमोरच पुढचा बेत मांडला. जमिनीवर टोरीच्या बिया ठेवल्या. एक बी म्हणजे एक कोस. सहा बिया एका ओळीत. माझ्याकडे तेव्हा मनगटी घड्याळ होते. डोंगरात एका कोसाला पाऊण-एक तास धरला. पहाटे पाचला निघायचे, सात वाजता खिंड उतरून बांबूत, साडेदहाला गडाच्या पायथ्याशी, चढून-उतरून दर्शनाला एक तास, आणि पाचच्या सुमारास घरी. दिवा लागतो सहाला. एक तास हाताशी. माय बारा तासच उपाशी. मला तो बेत इतका आवडला की मी तो दोनदा बोलून दाखवला.

म्हातारा बियांकडे बघत होता. "सेठ," तो म्हणाला, "जरा आगुदर निघालो तर..."

"कायले? अंधारात अस्वलाच्या अंगावर जाले? तू वाट दाखव. बेत माह्यावर सोड."

आतून घरची म्हणाली, "अवो, बाबा का म्हन्ते ते आयका तरी."

"तू भाकर पाय," मी म्हणालो.

 मायच्या सुपाचा आवाज थांबला होता, तो थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

ठरल्या दिवशी पाचला निघालो. थंडी अशी की तलावाच्या पाळीवरचे गवत पायाला सुयांसारखे लागत होते. माय उंबरठ्याच्या आत पाट मांडून बसली होती, शेजारी पाय धुवायचा तांब्या भरून ठेवला होता. मी म्हटले, "पाच वाजता येतो मी." ती म्हणाली, "ये." म्हातारा पुढे, मी मागे. त्याने पाळीवरून उतरताच डहाळी तोडली. मी मनात म्हटले, तोड लेका, मोजून घे.

मी चांगला चाललो. हे मला लिहिलेच पाहिजे, कारण नंतर काही जण म्हणाले की सेठ चालण्यात कमी पडला असेल. मी कमी पडलो नाही. खिंड ठरल्या वेळी चढलो. बांबूच्या जंगलात रानडुकरांनी वाट उकरून ठेवली होती, तिथेही थांबलो नाही. नाल्याच्या वाळूत अस्वलाची ताजी पावले होती, म्हणून म्हाताऱ्याने डबा वाजवला, पण पाय चालू ठेवले. दुसरी रांग मात्र मी ऐकली होती त्यापेक्षा उंच निघाली. खडक सुटे, पाय ठेवला की घरंगळणारे. वर पोचलो तेव्हा माझी छाती भात्यासारखी चालत होती. तिथे वाटेच्या कडेला दगडांची रास होती. येणारा-जाणारा एक दगड तिथे ठेवून पुढे जातो, डोंगराच्या देवासाठी. म्हाताऱ्याने ठेवला, मीही ठेवला.

खाली उतरून गाढवीच्या काठावर आलो आणि मी घड्याळ पाहिले. साडेदहा. माझ्या बेताप्रमाणे आम्ही गडाच्या पायथ्याशी असायला हवे होते. समोर नदी होती, नदीपलीकडे झाडी, आणि झाडीच्या पार मागे गडाचा डोंगर, निळा, अंगठ्याएवढा.

"हा कोणता डोंगर?" मी विचारले. मला ठाऊक होते तरी विचारले.

"गड."

"किती आहे अजून?"

"दोन कोस."

मी त्याचा दंड धरला. "सहा म्हनलं होतंस तू. सहा झाले. हे दोन कोठून आनले?"

त्याने दंड सोडवून घेतला नाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसते आश्चर्य होते, आणि तेच मला अजून दिसते. तो म्हणाला, "सेठ, मले वाटलं तुमी धान कमी केलं. वाट कोन कमी करते?"

मी दंड सोडला. नदीच्या पाण्याचा आवाज येत होता.  मीच त्याच्या आठाचे सहा केले होते, मजुरी पाडण्यासाठी. आणि मग तोच पाडलेला आकडा खरा धरून मी घड्याळ लावले होते. बाजारात भाव पाडला म्हणून माल कमी भरत नाही, हे मला शेंबड्या वयापासून ठाऊक होते. पण त्या दिवशी ओसरीवर ते डोक्यात आले नाही.

तो पाण्यात उतरून पाय ओले करत म्हणाला, "इथून देव दिसते. नारळ इथंच फोडा. इथून फिरलो तर दिवसाउजेडी घरी जातो. आमचे थकलेले लोक फोडतेत."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. चारच्या सुमारास मी उंबरठ्यावर असतो, मायने पाणी प्यायले असते, आणि नारळ कुठे फोडला हे तिला कोण सांगणार होते? मी काठावर उभा राहून विचार केला. नवस गडाचा होता. मी सौदा ठरेपर्यंत माणसाचा जीव खातो, पण ठरल्यावर मापात कधी मारले नाही. आणि मायला मी समोर बसून खोटे सांगितले असते तर तिला ते लगेच कळले असते. चार वर्षांच्या पोराचे तोंड जी रात्रंदिवस बघत बसली होती, तिच्यापासून ते तोंड काय लपणार?

"चाल," मी म्हणालो.

आम्ही गेलो. बारा वाजून गेल्यावर गड चढलो. महादेवाला नारळ फोडला, दर्ग्यावर रेवड्या दिल्या, तिथल्या म्हाताऱ्या माणसाने डोक्यावर मोरपिसांचा झाडू फिरवला. बसलो नाही. भाकर चालता चालता खाल्ली. परतीला मी म्हाताऱ्याच्या पुढे गेलो, तो मागून "हळू, सेठ, गुडघा जाईल" म्हणत राहिला. सुट्या दगडांवर दोनदा पडलो. बांबूत शिरलो तेव्हा ऊन पिवळे झाले होते. पहिल्या खिंडीत आलो आणि खाली तलाव दिसला, आणि तलावापलीकडे आमच्या गावात एक दिवा लागला. मग दुसरा. आम्ही अजून दीड कोस लांब होतो.

माय पाटावर तशीच होती. घरची म्हणाली की ती दुपारी दोनदा कलंडली, पण पाण्याला हात लावू देईना. तिने माझे पाय धुतले. तिचे हात इतके थंड होते की तांब्यातले पाणी कोमट वाटले. बोटांच्या फटीतले रक्त तिने पदराने पुसले आणि मग एक घोट घेतला.

"गडावर गेलास?"

"गेलो."

"मंग अर्धा झाला," ती म्हणाली. "वाट झाली, दिवस नाही झाला. दिवा लागला होता, बाबू."

मी तिला सांगितले की पुढच्या पौषात पुन्हा जातो. ती बरं म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने ताट बाजूला सारले. नवस पुरा होईपर्यंत भात सोडला, म्हणाली. ज्या मुलखात माणूस जेवला का विचारायचे तर भात खाल्ला का असे विचारतात, तिथे तिने भात सोडला. मी ओरडलो. मायवर मी आयुष्यात तेवढे एकदाच ओरडलो. ती म्हणाली, "वरडून भाव कमी होते, बाबू. देवाजवळ नाही होत."

त्या दिवसापासून ती कोदोची पेज पीत असे. कोदो म्हणजे डोंगरउतारावरचे धान्य, आमच्याकडे ते गरिबाचे समजत. ते कोदो दर बाजारच्या दिवशी तो म्हातारा आणून देत होता, स्वतःच्या शेतातले, निवडून, फडक्यात बांधून. मी देऊ केलेले त्याने घेतले नाही. मायशी तो उंबरठ्याबाहेर बसून बोलायचा, गुडघ्यांवर कोणती मुळी लावायची ते सांगायचा. मी समोर आलो की उठून जायचा. त्याच्या मनात खोट होती म्हणून तो आणत होता, असे मी तेव्हा म्हणायचो.

आषाढात, रोवणी चालू असताना, माय गेली. ताप आला आणि तीन दिवसांत गेली. वैद्य म्हणाला, अंगात काही उरलेच नव्हते.

पुढच्या पौषात मी पुन्हा गेलो. त्याच म्हाताऱ्याला बोलावले. किती कोस, हे विचारले नाही. कधी निघायचे, एवढेच विचारले. तो म्हणाला त्या वेळी, हातात टेंभा घेऊन निघालो, आणि दिवा लागायच्या पुष्कळ आधी परत आलो. उंबरठ्यावर घरचीने पाय धुतले. आठ पायल्या धान मी स्वतः त्याच्या टोल्यावर नेऊन दिले. त्याने ते मोजले नाही. मी त्याला विचारणार होतो, आणि त्याच्या अंगणात उभा राहून मला विचारता आले नाही. नंतर तोही गेला.

म्हणून मी इथे विचारतो. त्या दिवशी ओसरीवर आठ कोस हा शब्द एकाने म्हटला होता आणि दोघींनी ऐकला होता. म्हाताऱ्याला वाट ठाऊक होती. मायला भाव पाडणारा पोरगा ठाऊक होता. घरची टोरी वेचायला खिंडीपर्यंत जाणारी, तिला डोंगर ठाऊक होता. तिघांसमोर मी सहा बिया मांडल्या, दोनदा वेळ बोलून दाखवली. मी ओरडत होतो, हे मला मान्य. मी त्यांना गप्प केले, हेही मान्य. पण एका म्हातारीच्या घशाचा प्रश्न होता. माझ्या तोंडाला भिऊन माणसे आपल्या मालाचा भाव सोडतात, ते मी समजू शकतो. वाटेचे कोस कसे सोडतात?

दोघे आता सांगायला नाहीत. तिसरी आत आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच हे तिला वाचून दाखवणार आहे, मध्ये न थांबता, आवाज न चढवता. तिने पूर्ण ऐकून घ्यावे आणि मग सांगावे. मी "तू भाकर पाय" म्हणालो आणि तिने भाकर पाहिली. बाहेर येऊन त्या सहा बियांपुढे आणखी दोन बिया का ठेवल्या नाहीत, याचे उत्तर तिने मला द्यावे.